म्होरकीचे गर्भ आणि बामाची डबी

माझी धाकटी जाऊ मेंढ्यांचे गर्भ वाढवते. पोटात नाही, काचेच्या बशीत. हे एकदम सांगून टाकलेलं बरं. नाहीतर लोक "म्हणजे त्या नक्की करतात काय?" असं फिरून फिरून विचारत बसतात, आणि त्यातल्या अर्ध्यांना उत्तर ऐकायचंच नसतं, नाक मुरडायचं असतं.

ती लग्न होऊन आली तेव्हा सासऱ्यांनीही विचारलं होतं, "सूनबाई, नोकरी कसली म्हणायची?"

"मेंढ्यांची सुईण," ती म्हणाली. "फक्त सुईण शेवटी येते, मी सुरुवातीला जाते."

सासरे हसले, सासूबाई हसल्या नाहीत, आणि मी मनात म्हटलं, हिच्याशी आपलं जमणार. मी तेव्हा कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत होते. निवृत्त होईपर्यंत तेच केलं. बेडकाच्या पोटातलं सगळं मला तोंडपाठ, पण माझा बेडूक कायम मेलेला असायचा. धाकटीचं काम जिवंत, आणि ते जिवंत ठेवणं हीच तिची नोकरी.

त्या कामाचं थोडक्यात सांगते. सकाळी कत्तलखान्यातून थर्मास येतो. आपण चहा नेतो तसलाच. आत कोमट मिठाचं पाणी आणि त्यात बदामाएवढे अंडाशय. मेंढी गेली तरी तिची अंडी काही तास जिवंत असतात. धाकटी ती बाहेर काढते, सूक्ष्मदर्शकाखाली निवडते. ज्या अंड्याने पेशींची जाड गोधडी पांघरली आहे ते चांगलं, उघडं पडलेलं ते वाईट. निवडलेली अंडी एक दिवस उबेला ठेवायची, मग एडक्याचं वीर्य, मग पुन्हा ऊब. आठवडाभरात गर्भ तयार होतो, डोळ्यांना दिसणारही नाही एवढा. मग तो दुसऱ्या मेंढीच्या पोटात ठेवायचा. तेही सरळ नाही. गाईत खालच्या वाटेने नळी घालता येते, मेंढीची वाट इतकी वळणांची की नळी जातच नाही. पोटाला बारीक भोक पाडून दुर्बिणीने बघत बघत आत पोचावं लागतं. ते काम संस्थेतल्या सर्जनबाई करतात. पण गर्भ बशीतून उचलून नळीत भरण्याचं काम धाकटीचं. तोंडात रबरी नळी, नळीच्या टोकाला केसाएवढी काच, आणि श्वास जरासा आत घेतला की गर्भ वर येतो. आयुष्यभर ही बाई श्वासावर मेंढ्या उचलत आली.

तिला स्वतःच्या हाताचा गर्व आहे. तो मला आवडतो. "माझ्यासारखं कुणी भरत नाही," असं ती भाजीत मीठ कमी पडलंय म्हणावं तितक्या सहज म्हणते.

या नोकरीचा सगळ्या घराला जाच झाला तो वासाचा. काही वर्षांपूर्वी तिच्या प्रयोगशाळेत एक पूर्ण हंगाम वाया गेला. औषधं तीच, अंडी तशीच, हात तोच, आणि गर्भ दोनाचे चार होऊन मरायचे. सगळ्यांनी सगळं तपासलं. शेवटी सापडलं काय, तर शेजारच्या संडासात कुणीतरी हौसेने टांगलेल्या सुगंधी वड्या. गर्भाला नाक नसतं, पण हवेतलं सगळं त्याच्या थेंबात उतरतं.

तेव्हापासून तिच्या प्रयोगशाळेला नियम झाला आणि आमच्या घराला शिक्षा. अत्तर नाही, वासाचा साबण नाही, कपाटात डांबरगोळ्या नाहीत, तिच्या खोलीत डासांची उदबत्ती नाही. आमच्याकडे शिकायला राहिलेल्या भाचीच्या नेलपॉलिशची बाटली गच्चीत राहायला गेली. माझे दीर, म्हणजे तिचा नवरा, केसांना चमेलीचं तेल लावतात. त्यांना तेवढी एक सवलत मिळाली, कारण ते ऐकतच नाहीत. पण कामाच्या दिवशी सकाळी धाकटी त्यांच्याजवळून जाताना भिंतीला चिकटून जाते.

"तीस वर्षं संसार केला," दीर एकदा म्हणाले, "आणि बायको सकाळी मला असा वळसा घालते, जसा मी ओला रंग आहे."

"ओला रंग वाळतो तरी," धाकटी म्हणाली.

आणि बाम. सूक्ष्मदर्शकावर वाकून वाकून तिचा उजवा खांदा धरतो. धरतो म्हणजे असा की वेणी घालायला हात वर जात नाही. कुणीही बाई बाम चोळून मोकळी झाली असती. हिने वर्षानुवर्षं दात आवळून काढली, कारण बामाचा वास दिवसभर कातड्यातून जात नाही. फक्त एखाद्या वेळी, बशीला हात लावायचाच नसतो अशा दिवसांची सुट्टी आली, की ती खाली येते, माझ्यापुढे पाटावर बसते आणि म्हणते, "जाऊबाई, खांदा." मग मी डबी उघडते.

आता म्होरकीकडे येते.

म्होरकी ही एक मेंढी. तिची मालकीण मेंढीवाली, माझ्याहून थोडी लहान, उन्हाने रापलेली, आणि बोलायला मला भारी. ती म्होरकीला हातगाडीवर घालून संस्थेत आली. मी त्या दिवशी धाकटीला डबा द्यायला गेले होते, म्हणून हे सगळं माझ्या देखत झालं. मेंढी काळ्या तोंडाची, अंगाने पांढरी, मागचा एक पाय लुळा. रस्ता ओलांडताना गाडीने उडवलं होतं. कमरेचं हाड मोडलं होतं.

"हिला पिल्लं पायजेत," मेंढीवाली म्हणाली.

"हिला आता गाभण राहता येणार नाही," सर्जनबाई म्हणाल्या. "कंबर धरणार नाही."

"ते मला कळतं. म्हणून तर तुमच्याकडे आणली. दुसऱ्या पोटात घालता म्हणे."

"इतक्या मेंढ्या असताना हीच का?" धाकटीने विचारलं.

"ही पुढे चालते म्हणून." मेंढीवाली हातगाडीच्या कडेवर टेकली. "ओढा असो, पूल असो, गाड्यांचा रस्ता असो. ही गेली की सगळा कळप जातो. ही थांबली की मी हातपाय आपटले तरी एक हलत नाही. माझ्या नवऱ्याने जन्मात माझं इतकं ऐकलं नाही. हिची आई पुढे चालायची, आजी पुढे चालायची. हिच्या दोन लेकी तापात गेल्या. आता ही गेली की माझी मेंढरं रस्त्याच्या कडेला उभी राहतील मुक्यासारखी, आणि मी एकेक उचलून पलीकडे नेत बसेन. या वयात."

धाकटी खाली बसली, मेंढीच्या काळ्या तोंडावरून हात फिरवला. मग म्हणाली, "पिल्लं होतील का ते मी बघते. ती पुढे चालतील का, ते माझ्या बशीत दिसत नाही. आधीच सांगते."

"ते मला दिसतं. तुम्ही तुमचं बघा."

म्होरकीला भूल देऊन, डोकं खाली करून उताणी धरून, सर्जनबाईंनी दुर्बीण घातली आणि सुईने अंडी ओढून घेतली. मेंढीवालीच्या कळपातल्या एडक्याचं वीर्य मिळालं. बरीच अंडी वाया गेली, तशी जातातच. शेवटी बशीत नीट वाढणारे पाच गर्भ राहिले. आणि त्याच आठवड्यात म्होरकी मेली. कमरेची जखम आत सडली होती.

म्हणजे आता जे काय होतं ते त्या पाचांत. पुन्हा अंडी काढायला मेंढीच नव्हती. धाकटी घरी येऊन हे बोलली नाही, पण जेवताना तिने दिरांना मीठ मागितलं आणि दिलेलं मीठ तसंच हातात धरून बसली. तेव्हा मला कळलं.

गर्भ पोटात ठेवायला अजून अवकाश होता. मधला दिवस सुट्टीचा, आणि त्या दिवशी बशी उघडायचीच नसते. इन्क्युबेटरचं दार बंद, आत ऊब, कुणी तिकडे फिरकायचं नाही. म्हणून आदल्या संध्याकाळी ती खाली आली. "जाऊबाई, खांदा." मी कॉलेजातले रबरी हातमोजे चढवून चांगला दणकून चोळला. आधीच्या आठवड्याचं सगळं त्या खांद्यात बसलं होतं. ती लगेच पेंगायला लागली.

सकाळी तिच्या फोनवर डावरी होती.

डावरी म्हणजे तिच्या हाताखाली नव्याने लागलेली मुलगी. डॉक्टरेट केलेली, काठीसारखी बारीक, आणि डावखुरी. हे शेवटचं धाकटीला खुपायचं. प्रयोगशाळेतलं टेबल, बशा उबदार ठेवणारी तापपट्टी, नळी अडकवायचा हूक, सगळं उजव्या हाताच्या सोयीने मांडलेलं. डावरीला त्या टेबलावर काम करताना बघणं म्हणजे एखाद्याला पाठीमागून शर्टाची बटणं लावताना बघणं, असं धाकटी म्हणायची. वर्ष झालं तरी तिने त्या मुलीला कत्तलखान्याच्या अंड्यांपलीकडे काही भरू दिलं नव्हतं.

"मॅडम, मी इन्क्युबेटरच्या गॅसची टाकी बघायला आले होते," डावरी फोनवर सांगत होती. "इथे रंगारी आलेत. बाहेरचा पॅसेज रंगवतायत. दारांना ऑइलपेंट लावून झाला. प्रयोगशाळेत वास आलाय."

रंगकाम ठरलं होतं, पण पुढच्या आठवड्याचं. धाकटीने स्वतः हो म्हटलं होतं, कारण तोवर गर्भ पोटात गेले असते. संस्थेच्या साहेबांना वाटलं, सुट्टीच्या दिवशी इमारत मोकळी असते, कुणाला त्रास नको, आजच उरकून टाकू. भला माणूस. भल्या माणसांनी असला भलेपणा करताना एकदा विचारायला काय होतं, हे मला आजवर समजलेलं नाही.

धाकटीने आंघोळ केली. बिनवासाच्या साबणाने घासून घासून, दोनदा. मग माझ्यापुढे उभी राहिली. "वास येतो का?"

"येतो," मी म्हटलं. खोटं बोलून काय उपयोग?

"किती?"

"दारातून कळतोय इतका."

तिने चप्पल घातली. तिला खांद्यामुळे स्कूटर चालवता येत नव्हती. मी गाडी काढली. मला गाडी चालवायला आवडतं आणि मी जोरात चालवते. त्या दिवशी पहिल्यांदाच ती "हळू" म्हणाली नाही. सगळ्या काचा मात्र खाली करून बसली होती.

पॅसेजमध्ये शिडी, तिच्यावर रंगारी, तोंडाला फडकं. डोळ्यांना झोंबत होतं.

"थांबवा," धाकटी म्हणाली.

"बाई, हे दार शेवटचं. आणि रंग बिनवासाचा आहे."

"तुमच्या नाकाला."

"माझ्या नाकाला आता कशाचाच वास येत नाही, तो भाग वेगळा," रंगारी म्हणाला, पण खाली उतरला. त्याने रंगाचे डबे झाकले, अंगणात नेले, आणि तिथे जाऊन उभा राहिला. लावलेला रंग कोण काढणार होतं? तो दारांवर चकाकत होता.

प्रयोगशाळेला पॅसेजच्या बाजूने एक मोठी काच आहे. पाहुण्यांना बाहेरून बघता यावं म्हणून बसवलेली. धाकटी त्या काचेपाशी जाऊन थांबली. आत डावरी, डोक्यापासून पायांपर्यंत पांढऱ्या कपड्यांत. ती मागच्या दाराने गेली होती, पॅसेजकडच्या दाराच्या फटी तिने ओल्या फडक्यांनी बुजवल्या होत्या. दोघी फोन लावून बोलायला लागल्या, स्पीकरवर, म्हणून मलाही ऐकू येत होतं.

"इन्क्युबेटर उघडलास?"

"नाही. पण तो हवा खोलीतलीच घेतो ना."

"घेतो. म्हणजे थांबण्यात अर्थ नाही. आजच ठेवायचे. एक दिवस आधी. मेंढ्या तयार आहेत, त्यांना दिवस मोजता येत नाहीत, आपल्याला येतात." ती सर्जनबाईंशी गाडीतूनच बोलली होती. मेंढ्या शहराबाहेरच्या केंद्रावर होत्या. उसन्या आया म्हणते मी त्यांना. ज्यांच्या पोटात गर्भ ठेवायचा त्या मेंढ्यांना औषधं देऊन गर्भाच्या वयाला जुळतील अशा आणाव्या लागतात. तेवढं सगळं आधीच झालेलं होतं.

"तुम्ही आत येताय ना, मॅडम?"

धाकटीने काचेवर हात ठेवला. नियम तिचाच. आतल्या भिंतीवर तिच्याच हाताने लिहून लावलेला: वास लावलेल्या कुणीही आत येऊ नये, मी सुद्धा. तो "मी सुद्धा" तिने केव्हातरी गंमत म्हणून घातला होता.

"मी बाम लावलाय," ती म्हणाली.

डावरी आतून काचेकडे वळली. मग, "अरे देवा."

"देवाला आत घेऊ नकोस, तोही उदबत्तीचा. तू भर."

डावरी टेबलापाशी गेली. स्टूल ओढलं, बसली, उठली. "मॅडम, टेबल हलवू?"

"कशाला?"

"तापपट्टी माझ्या चुकीच्या हाताला आहे. नळीचा हूकसुद्धा. मला उलटं वाकून काढावं लागेल."

"ते टेबल मी इथे आल्यापासून हललेलं नाही."

"मला माहीत आहे," डावरी म्हणाली. तिचा आवाज थरथरत नव्हता, हे मी मुद्दाम ऐकलं. "टेबल हलवू की गर्भ पाडू? तुम्ही सांगा."

मला वाटलं, आता धाकटी उसळणार. आमच्याकडे तिला असं कुणी बोललेलं नाही, मी सोडून. ती काचेतून त्या टेबलाकडे बघत राहिली. स्वतःचंच कपाट दुसऱ्याने उपसताना बघावं तशी.

"हलव," ती म्हणाली.

डावरीने भराभर सगळं फिरवलं. तापपट्टी डावीकडे, बशा उजवीकडे, हूक काढून पलीकडच्या कडेला. मग ती बसली, आणि मला पहिल्यांदा दिसलं की ही मुलगी मुळात वाकडी बसतच नाही. ताठ होती, सैल होती, कोपर टेबलावर टेकलेलं. धाकटीलाही ते दिसलं असणार.

बशी बाहेर आली. डावरीने नळी तोंडात धरली. त्यामुळे आता तिला बोलता येत नव्हतं, आणि धाकटीला बोलायचं असून बोलवत नव्हतं. एक गर्भ उचलला, छोट्या बुचाच्या नळीत सोडला. दुसरा. तिसरा. चौथा. मग तिने सूक्ष्मदर्शकातून डोळे काढले, नळी तोंडातून काढली.

"पाचवा दिसत नाही."

"कडेला बघ."

"बघितलं. नाही."

"तळाशी चिकटला असेल."

"नाही मॅडम."

धाकटीने डोळे मिटले. तिचा डावा हात, कधी न वापरलेला डावा हात, हवेत उचलला गेला आणि बोटं काचेची नळी धरल्यासारखी जुळली. "चौथा सोडलास तेव्हा बुडबुडा आला होता का?"

"आला होता. बारीक."

"मग तो पिपेटमध्येच आहे. बुडबुड्यामागे अडकलाय. फुंकू नकोस. फुंकलंस तर गेला. स्वच्छ थेंब घे, टोक त्यात बुडव, आणि नुसती थांब. श्वासही सोडू नकोस. तो आपणहून येईल."

आम्ही तिघी थांबलो. अंगणात रंगारीही थांबला होता, का ते त्याला माहीत नव्हतं.

"आला," डावरी म्हणाली.

पुढचा घोळ नेण्याचा. ऊब राखणारी फिरती पेटी संस्थेकडे होती, ती दुरुस्तीला गेलेली. अशा वेळी गर्भाची नळी अंगाशी धरून न्यायची, हा जुना, साधा, सगळ्यांना माहीत असलेला मार्ग. पण कुणाच्या अंगाशी?

"माझ्या," डावरी मागच्या दाराने बाहेर येत म्हणाली.

"तुझ्या अंगावर ऊब कुठे आहे?" धाकटी म्हणाली. "काठी आहेस तू. आणि तू पुढे जा, तिथला सूक्ष्मदर्शक गरम कर. जीपचा ड्रायव्हर विड्या ओढतो. सर्जनबाई तिकडे आहेत." आणि तिने माझ्याकडे पाहिलं. वरपासून खालपर्यंत, बाजारात भोपळा बघतात तसं. "जाऊबाई, तुम्ही तेल लावता?"

"मी काही लावत नाही, तुझा बामही हातमोजे घालून चोळते. तुझ्यामुळे."

"अंगाने भरलेल्या आहात."

"आभारी आहे."

आणि माझ्या ब्लाउजमध्ये म्होरकीचा सगळा वंश आला. करंगळीएवढी नळी, बूच लावलेली, मऊ फडक्यात गुंडाळलेली. मी म्हटलं, "बूच आहे ना, मग तू गाडीत बसलीस म्हणून वास कसा जाईल आत?"

"कसा जातो ते मला माहीत नाही. जातो एवढं माहीत आहे. मी जीपमधून येते, विडीबरोबर. बाम आणि विडी एका गाडीत, गर्भ दुसऱ्या. आणि आज खड्डे चुकवा."

त्या दिवशी मी कशी गाडी चालवली ते विचारू नका. सायकलवाले मला मागे टाकून जात होते आणि वळून बघत होते.

केंद्राच्या अंगणापुढून पाण्याचा पाट जातो. जीप पाटाच्या अलीकडेच थांबली, आणि धाकटी तिथेच उतरून वाऱ्याच्या खालच्या अंगाला उभी राहिली. आत सर्जनबाईंनी मेंढ्या एकेक करून घेतल्या. डावरीने नळ्या भरल्या. प्रत्येक वेळी ती दारात येऊन हाताने खूण करायची, झाला, आणि धाकटी पाटापलीकडून मान हलवायची. मधेच मेंढीवाली आली, तिलाही फोन गेला होता. ती धाकटीशेजारी उभी राहिली, हुंगलं, आणि म्हणाली, "खांदा दुखतो का?"

"दुखतो."

"मग आज दुसऱ्यांनाच करू द्या." एवढंच बोलली.

पाच मेंढ्यांत पाच गर्भ गेले. महिन्याभराने तपासणी झाली तेव्हा दोन राहिले होते.

"पाचात दोन. चांगलं आहे," धाकटी जेवताना म्हणाली.

"रंग नसता तर?" दिरांनी विचारलं.

"तर मला माहीत नाही. जे माहीत नाही त्यावर रडायला मला वेळ नाही. भात वाढा." मग साहेबांकडे जाऊन तिने सांगितलं, की यापुढे प्रयोगशाळेला विचारल्याशिवाय इमारतीत कुणी खिळादेखील ठोकायचा नाही. साहेब म्हणाले, "अहो, मी चांगल्या हेतूने..." ती म्हणाली, "हेतूला वास नव्हता साहेब, रंगाला होता." त्यांनी ऐकलं. आता खरंच विचारतात.

पाच महिने भरले आणि दोन कोकरं झाली. आया दोन्ही तांबड्या तोंडाच्या, कोकरं दोन्ही काळ्या तोंडाची. एक नर, एक मादी. नर आडवा आला होता, सर्जनबाईंना कोपरापर्यंत हात घालावा लागला. मादी सरळ आली, पडली, उठली, आणि भलत्याच मेंढीकडे दूध मागायला निघाली.

मादी कोकरू दुधावरून तुटल्यावर मेंढीवाली तेवढं आधी न्यायला आली. एकटी नाही, पूर्ण कळप घेऊन. मी गाडी घेऊन होते, धाकटी आणि डावरी होत्या. कळप पाटाच्या पलीकडे येऊन थांबला. थांबला म्हणजे थांबलाच. पाट लहान मूल ओलांडेल एवढा, वर फळी टाकलेली. एक मेंढी पाय पुढे टाकायची, मागे घ्यायची. मेंढीवाली म्हणाली तशीच, रस्त्याच्या कडेला मुक्यासारखी.

"बघा," ती आम्हाला म्हणाली. "हे असं. वर्ष होत आलं." आणि तिने काळ्या तोंडाचं ते कोकरू उचललं, फळीवरून पलीकडे नेलं आणि कळपाच्या पुढ्यात सोडलं. "आता इथे ओळख होऊ दे, मग निघू."

कोकराने ओळखबिळख काही केली नाही. अंगणातून त्याची उसनी आई ओरडत होती. त्याने कान उभे केले, वळलं, आणि फळी राहिली बाजूला, सरळ पाटावरून उडी मारून अंगणात आलं.

आणि कळप मागोमाग आला. सगळा. फळीवरून, पाण्यातून, एकमेकींच्या अंगावरून, केंद्राच्या झाडून स्वच्छ केलेल्या अंगणात, जिथे बाहेरच्या मेंढीला पाऊल टाकायला बंदी आहे. सर्जनबाई आतून धावत आल्या. "अहो काढा, काढा त्यांना, माझ्या मेंढ्यांना रोग लागतील." मेंढीवाली पाटापलीकडे कमरेवर हात ठेवून उभी होती, आणि तिला कुठेही जायची घाई नव्हती.

"ते आईकडे पळालं," धाकटी तिला म्हणाली. "एवढंच झालं. कोणतंही कोकरू पळतं."

"पळालं," मेंढीवाली म्हणाली. "पण पुढे पळालं."

"त्याला वंश म्हणत नाहीत."

"तुम्ही काय म्हणता ते तुमच्या बशीत म्हणा. आता हिला परत कशी न्यायची ते सांगा, म्हणजे बाकीच्या येतील."

शेवटी डावरीने उसन्या आईला दोरी लावून पलीकडे नेलं, कोकरू तिच्यामागे गेलं, आणि कळप कोकरामागे. अंगण मोकळं झालं. सर्जनबाईंनी जंतुनाशकाचा पाइप लावला. मेंढीवालीने उसनी आईही मागून घेतली, काही दिवसांकरता म्हणाली. ती अजून परत आलेली नाही.

परत येताना गाडीत धाकटी माझ्या शेजारी होती. डावरी मागे बसली होती, दुसऱ्या दिवशी थर्मास किती वाजता येणार ते विचारत होती. तिला घरी सोडलं. टेबल अजून तिने मांडलं तसंच आहे, हे मला तेव्हा कळलं. धाकटीने शेजारी दुसरं मागवलंय, स्वतःचं, जुन्या मांडणीचं. "माझ्यासारखं कुणी भरत नाही" हे तिचं वाक्य आता असं झालंय: "माझ्यासारखं कुणी भरत नाही, उजव्या हाताने."

संध्याकाळी ती खाली आली, पाट ओढला, माझ्यापुढे पाठ करून बसली.

"जाऊबाई, खांदा."

"अगं, उद्या थर्मास येणार आहे. कामाचा दिवस."

"माहीत आहे," ती म्हणाली, आणि पदर खांद्यावरून बाजूला केला. "डावरी आहे उद्या. डबी उघडा."